बेपत्ता ‘आणि’ शोषित : एका उभयान्वयी अव्ययाची तपासणी



माझ्या पहिल्या सिनॉप्सिसचं शीर्षक होतं ‘नंदुरबार जिल्ह्यातील बेपत्ता आणि शोषित बालके : कायदेशीर तरतुदींचा अभ्यास’. गाइडनी फार काही न बोलता त्यातल्या ‘आणि’भोवती पेन्सिलने गोल काढला आणि कागद परत दिला. मला वाटलं, शुद्धलेखन असेल. घरी येऊन ‘आणि’चं ‘व’ केलं. पुढच्या भेटीत ‘व’भोवती गोल. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला की प्रश्न शब्दाचा नाही, जोडणीचा आहे. बेपत्ता मुलं आणि शोषित मुलं हा एकच गट आहे, दोन आहेत, की थोडे एकमेकांवर चढलेले दोन आहेत? मी हे गृहीत धरून चालले होते. कायदाही गृहीत धरूनच चालतो, असं माझं आजचं मत आहे, आणि त्याची किंमत नंदुरबारसारख्या जिल्ह्यातली पोरं मोजतात. आजचा लेख त्याबद्दल आहे. तुमच्यापैकी जे कायदा, समाजकार्य किंवा समाजशास्त्रात संशोधनाची तयारी करताय, त्यांना व्याख्या कशी वाचायची याचा नमुना म्हणूनही तो वापरता येईल.

आधी ही जोडी आली कुठून ते बघू. ‘बेपत्ता आणि शोषित’ हा शब्दप्रयोग आपला नाही, तो अमेरिकेचा आहे. १९७९ साली न्यूयॉर्कमध्ये एटन पाट्झ नावाचा सहा वर्षांचा मुलगा शाळेच्या वाटेवर नाहीसा झाला. १९८१ मध्ये फ्लोरिडात अ‍ॅडम वॉल्श या सहा वर्षांच्या मुलाला दुकानातून पळवून मारलं गेलं. त्याच्या आईवडिलांनी देश हलवला. १९८२ मध्ये बेपत्ता मुलांची माहिती केंद्रीय पोलीस संगणकात घालण्याचा कायदा झाला. १९८४ मध्ये बेपत्ता मुलांसाठी मदतीचा कायदा झाला आणि त्याच वर्षी ‘नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्स्प्लॉइटेड चिल्ड्रेन’ ही संस्था उभी राहिली. आपल्या ‘आणि’चं जन्मस्थान हे.

या अमेरिकी कायद्यात दोन गोष्टी अशा आहेत की त्या वाचून मला खरोखर हेवा वाटला. एक म्हणजे तो पैशाचा कायदा आहे. संस्थेचं नाव आणि दर वर्षीची रक्कम कायद्यातच लिहिली जाते, मुदत संपली की संसदेला पुन्हा चर्चा करून नूतनीकरण करावं लागतं. १९९९ च्या नूतनीकरणात संस्थेसाठी वर्षाला १ कोटी डॉलर होते. २०१३ च्या नूतनीकरणात एकूण तरतूद वर्षाला ४ कोटी डॉलरपर्यंत गेली. दुसरी गोष्ट आपल्या, म्हणजे संशोधकांच्या, कामाची : ठरावीक काळाने देशभर मोजणी करा, असा आदेश १९८४ च्या कायद्यातच आहे.

हा मोजणीचा आदेश किती मोलाचा होता ते ऐका. त्या काळात वर्तमानपत्रांत, दुधाच्या खोक्यांवर, भाषणांत सरसकट आकडे फेकले जात होते. दरवर्षी पन्नास हजार मुलं अनोळखी माणसं पळवतात, वगैरे. १९८५ मध्ये ‘डेन्व्हर पोस्ट’ने हे आकडे तपासले, ते फुगवलेले निघाले, आणि त्या कामाला १९८६ चं पुलित्झर मिळालं. समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी पुढे यावरच एक पुस्तक लिहिलं. आणि मग कायद्याने सांगितलेली मोजणी आली. १९९९ सालासाठीच्या दुसऱ्या मोठ्या मोजणीत, अनोळखी किंवा जेमतेम ओळखीच्या माणसाने दूर नेणं, डांबून ठेवणं, खंडणी मागणं किंवा मारणं, अशा ज्याला आपण सिनेमातलं अपहरण म्हणू त्या प्रकारची मुलं वर्षभरात अंदाजे ११५ निघाली. घर सोडून गेलेली किंवा घरातून हाकललेली मुलं मात्र अंदाजे १६,८२,९००!

आता त्या शेवटच्या आकड्याच्या आत शिरा, कारण खरी गंमत तिथे आहे. या साडेसोळा लाखांवर मुलांपैकी पालकांना ठावठिकाणा माहीत नव्हता अशी अंदाजे ६,२८,९००. पोलिसांकडे किंवा शोध घेणाऱ्या संस्थेकडे नोंद झालेली ३,५७,६००. म्हणजे काय, तर घराबाहेर पडलेल्या मुलांपैकी बहुतेकांच्या बाबतीत पालकांना मूल कुठे आहे हे माहीत होतं. मूल धोक्यात असू शकतं, पण ‘बेपत्ता’ नसतं. वहीत हे वाक्य लिहून मी खाली दोन रेघा मारल्या होत्या.

आपल्याकडे या विषयाचा एक असा कायदा नाही. जे आहे ते थरांनी साठलंय. डिसेंबर २००६ मध्ये नोएडाजवळच्या निठारीत मुलांचे अवशेष सापडले आणि मुलं हरवल्याच्या तक्रारींकडे कसं दुर्लक्ष होतं हे देशाने पाहिलं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने समिती नेमली, अहवाल आला. ३१ जानेवारी २०१२ रोजी केंद्रीय गृहखात्याने राज्यांना मार्गदर्शक सूचना पाठवल्या. आणि १० मे २०१३ रोजी ‘बचपन बचाओ आंदोलन विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात सरन्यायाधीश अल्तमस कबीर यांच्या खंडपीठाने जो आदेश दिला, तो आजही या क्षेत्राचा कणा आहे. मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचाच. उलट पुरावा मिळेपर्यंत अपहरण किंवा तस्करी आहे असंच गृहीत धरून तपास करायचा. प्रत्येक ठाण्यात मुलांसाठी नेमलेला अधिकारी हवा. चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर प्रकरण मानवी तस्करी विरोधी कक्षाकडे जावं. यातलं बरंचसं पुढे बाल न्याय अधिनियम २०१५ आणि त्याखालच्या २०१६ च्या आदर्श नियमांत आलं. नियम ९२ खास हरवलेल्या मुलाच्या चौकशीसाठीच आहे.

हा आदेश चांगलाच आहे. टीका करायची म्हणून सगळंच मोडीत काढायचं ही सवय लावून घेऊ नका. ‘चोवीस तास थांबा, येईल परत’ असं सांगून बापाला ठाण्याच्या पायरीवरून परत पाठवायचं दार या आदेशाने बंद केलं. गरीब माणसासाठी ही लहान गोष्ट नाही. माझी तक्रार वेगळी आहे आणि ती व्याख्येत आहे.

नियम ९२ ची व्याख्या, माझ्या शब्दांत : ज्या मुलाचा ठावठिकाणा आईवडिलांना, कायदेशीर पालकाला किंवा ज्याच्या ताब्यात ते कायद्याने सोपवलं आहे त्या व्यक्तीला अगर संस्थेला माहीत नाही, ते मूल हरवलेलं. नाहीसं होण्याचं कारण किंवा परिस्थिती काहीही असो. आणि ते सापडेपर्यंत किंवा सुरक्षित असल्याची खात्री होईपर्यंत ते हरवलेलंच मानायचं.

पुन्हा एकदा वाचा, सावकाश. ‘कारण काहीही असो’ हा भाग व्याख्या एका बाजूने प्रचंड रुंद करतो. ‘पालकांना माहीत नाही’ हा भाग तिला दुसऱ्या बाजूने एकदम अरुंद करतो. आता ही व्याख्या हातात घेऊन नंदुरबारला चला.

ज्यांनी जिल्हा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला जिल्हा, सहा तालुके, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १६,४८,२९५, त्यात आदिवासी सुमारे ६९ टक्के. उत्तरेला सातपुडा आणि नर्मदा, मधून तापी. गुजरात आणि मध्य प्रदेश दोन्ही अंगाला. नवापूरचं रेल्वे स्टेशन तर निम्मं महाराष्ट्रात, निम्मं गुजरातेत! अक्कलकुव्याहून अंकलेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावर थोडं पुढे गेलात की राज्य बदलतं. राज्याची हद्द नकाशावर ठळक, जगण्यात पुसट. दिवाळीनंतर पाडेच्या पाडे ऊसतोडीला निघतात, काही दक्षिण गुजरातेत, काही पश्चिम महाराष्ट्रात. ही नवी गोष्ट नाही. यान ब्रेमन यांनी बारडोलीच्या साखर कारखान्यांवर खानदेशातून येणाऱ्या तोड मजुरांबद्दल १९७० च्या दशकातच लिहून ठेवलंय.

आता तीन मुलं कल्पनेत घेऊ. ही खरी मुलं नाहीत, विचार करायला घेतलेली उदाहरणं आहेत.

पहिली, शहादा तालुक्यातली सतरा वर्षांची मुलगी. गावातल्या एका पोराबरोबर निघून जाते. बाप ठाण्यात येतो. गुन्हा नोंदला जातो. त्यात एक ठरलेलं वाक्य येतं, तुम्ही स्थानिक पानांवर शेकडो वेळा वाचलं असेल : ‘अज्ञात इसमाने अज्ञात कारणासाठी फूस लावून पळवून नेले’. बापाला त्या ‘अज्ञात इसमा’चं नाव, त्याच्या बापाचं नाव आणि मोटारसायकलचा नंबरही बहुतेकदा माहीत असतो, तो भाग सोडा. महिन्या-दीड महिन्याने मुलगी सापडते. आकडेवारीत एक अपहरण, एक शोध यशस्वी.

दुसरा, धडगाव तालुक्यातला तेरा वर्षांचा मुलगा. मुकादमाने बापाला उचल दिलेली. आईबाप आणि तो असे तिघं तोडीला. बाप ऊस तोडतो, आई मोळ्या बांधते, हा पाचट बाजूला करतो, मोळ्या वाहतो, धाकट्या बहिणीला सांभाळतो. शाळा ऑक्टोबरात सुटली ती सुटलीच. ठावठिकाणा माहीत आहे का? हो, आईबाप शेजारीच उभे आहेत. हरवलेला? नाही.

तिसरी, अक्कलकुवा तालुक्यातली बारा वर्षांची मुलगी. ओळखीच्या बाईने शहरात घरकामाला नेली. आईबापांना शहराचं नाव माहीत आहे. पहिले काही महिने फोन येत होता. मग नंबर लागेना. ती कोणत्या तारखेला ‘बेपत्ता’ झाली? फोन बंद झाला त्या दिवशी? आई काळजीत पडली त्या दिवशी? की आईने ठाण्याची पायरी चढायचं धाडस केलं त्या दिवशी? कायद्याच्या दृष्टीने तिसरं उत्तर खरं, कारण तक्रारीशिवाय यंत्रणा हलत नाही.

तिघांपैकी ‘बेपत्ता’च्या रकान्यात हमखास दिसते ती पहिली. माझ्या मते शोषणाचा सगळ्यात पक्का धोका तिसरीला आहे. आणि सगळ्यात जास्त संख्या, माझा अंदाज, दुसऱ्यासारख्यांची. म्हणजे नोंदीचा उजेड आणि गरजेचा अंधार एकमेकांच्या उलट पडलेत.

कुणी म्हणेल, ही तुझी कल्पना झाली. ठीक. मग नाशिक जिल्ह्यातलं प्रकरण घ्या. सप्टेंबर २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या उभाडे इथल्या कातकरी वस्तीवरची साधारण दहा वर्षांची एक मुलगी मरण पावली. त्यानंतर बाहेर आलं की त्या वस्तीवरची लहान मुलं थोडे पैसे आणि मेंढी यांच्या बदल्यात नगर भागातल्या मेंढपाळांकडे राबायला दिलेली होती. नंतर वेठबिगारीच्या कायद्याखाली गुन्हे नोंदले गेले, मुलं सोडवली गेली. पण विचार करा, हरवलेल्या मुलांसाठी आपण जी एवढी मोठी यंत्रणा उभी केली, पोर्टल, फोटो, मोहिमा, त्यातलं काहीही या मुलांसाठी आपणहून वाजलं नसतं. पालकांना मूल कुठे आहे ते माहीत होतं. व्याख्या पूर्ण होत नव्हती.

इथे कायदा जाणणारे मित्र मला थांबवतील. बाल न्याय अधिनियमाचं कलम २(१४) दाखवतील. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक कोण, याची तिथे लांब यादी आहे. त्यात हरवलेलं किंवा पळून आलेलं मूल आहे, कामगार कायदे मोडून राबवलं जाणारं मूल आहे, लग्नाचं वय होण्याआधी लग्न लागण्याचा धोका असलेलं मूलही आहे. बरोबर. मूळ अधिनियमाने सगळ्यांना एका छताखाली घेतलंय आणि ते शहाणपणाचं आहे. पण छत एक असलं तरी दारं वेगळी आहेत. हरवलेल्या मुलाच्या दारावर पोलीस उभा आहे, त्याला गुन्हा नोंदवण्याची सक्ती आहे, चार महिन्यांचं घड्याळ आहे. राबणाऱ्या मुलाच्या दारावर कोण? कुणीतरी पाहिलं, कुणीतरी १०९८ ला फोन केला, कुणीतरी त्याला बालकल्याण समितीपुढे आणलं, तर पुढचं. तिथे घड्याळ नाही.

आणि बालमजुरीच्या कायद्याने हे दार आणखी अरुंद केलंय. १९८६ च्या कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलांना सगळीकडे कामाला बंदी आली, पण शाळेनंतर किंवा सुटीत कुटुंबाला, कुटुंबाच्या व्यवसायाला मदत करता येईल, धोक्याचं काम सोडून, अशी सवलतही आली. ऊसतोड हा कुटुंबाचा व्यवसाय नव्हे, ऊसही त्यांचा नाही आणि कारखानाही नाही, हे उघड आहे. तरी फडात काय होतं? मजुरी ‘कोयत्या’वर, म्हणजे जोडप्यावर, टनाने ठरते. मुलाने वाहिलेली मोळी आईबापांच्या टनात मिसळते. त्याचं नाव कुठल्याच हजेरीत येत नाही. ज्याची हजेरी नाही त्याला कामगार कोण म्हणणार? ‘हात लावतो’ एवढंच म्हणणार.

आता पैशाकडे. अमेरिकी कायद्याचा हेवा का वाटला ते इथे कळेल. आमच्या अधिनियमाचं कलम १०६ म्हणतं, प्रत्येक जिल्ह्यात बाल संरक्षण कक्ष स्थापन केलाच पाहिजे. त्याच्या आधीचं कलम १०५ म्हणतं, राज्य सरकार बाल न्याय निधी निर्माण करू शकेल. इंग्रजी मजकुरात एका ठिकाणी ‘शॅल’ आहे, दुसऱ्या ठिकाणी ‘मे’. कक्ष सक्तीचा, निधी ऐच्छिक. संशोधन करणार असाल तर कायद्यात हे दोन शब्द पेन्सिलने वेगवेगळ्या खुणांनी रंगवत जा, अर्धा प्रबंध तिथेच सापडतो. मग पैसा येतो कुठून? योजनेतून. २००९-१० पासून एकात्मिक बाल संरक्षण योजना, पुढे नाव बदलत आज ‘मिशन वात्सल्य’. केंद्र ६० टक्के, राज्य ४० टक्के. मंजुरी २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी. योजना म्हणजे कायदा नव्हे. तिची मुदत वाढते, रचना बदलते, आणि त्यासाठी संसदेत कुणाला उभं राहून उत्तर द्यावं लागत नाही. हेल्पलाइनचंच बघा. १०९८ ची सुरुवात १९९६ मध्ये मुंबईत झाली आणि वर्षानुवर्षं ती स्वयंसेवी संस्थांच्या जाळ्यावर चालली. २०२३ पासून ती सरकारने आपल्या हाती घेऊन ११२ शी जोडली. यात चांगलं किती, वाईट किती, यावर वेगळा लेख लागेल. पण इतका मोठा बदल कायद्याच्या एका कलमालाही हात न लावता होऊ शकतो, हे नोंदवून ठेवा.

थोडं पद्धतीबद्दल, कारण तुम्ही त्यासाठीच वाचताय.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालातला बेपत्ता मुलांचा तक्ता राज्यांचा आणि महानगरांचा असतो. मोलगी किंवा विसरवाडी ठाण्याचा आकडा त्यात शोधू नका. त्यासाठी माहिती अधिकाराखाली पोलीस अधीक्षक कार्यालयात अर्ज करावा लागतो. अर्जात नावं, पत्ते, गुन्ह्याच्या प्रती मागू नका. अधिनियमाचं कलम ७४ मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं, आणि पोक्सो कायद्याच्या प्रकरणांत तर आणखी जपावं लागतं. वयोगट, मुलगा की मुलगी, तक्रारीचा महिना, सापडण्याचा महिना, ठाणं, एवढंच मागा. पण गावपाड्यात आकडा एक-दोनवर आला की नुसत्या ‘सोळा वर्षांची मुलगी, मार्च महिना’ एवढ्यावरूनही लोक ओळखतात. प्रबंधात छापताना ठाणी एकत्र करा. हे माझं मलाच उशिरा सुचलं, आधीचा मसुदा फाडून टाकावा लागला.

महिना मागा म्हणते त्याला कारण आहे. तोडीला निघायचा हंगाम, परत यायचा हंगाम, लग्नसराई, शाळा सुटायचा काळ, यांच्याशी नोंदींची चढउतार जुळते का ते बघता येतं. इथे एक धोका सांगते. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराबद्दल ‘पोरं पोरींना पळवून नेतात तो बाजार’ असं बाहेरच्यांनी इतकं रंगवून लिहिलंय की मार्चमध्ये नोंदी वाढलेल्या दिसल्या तर तुमचा हात आपोआप त्या स्पष्टीकरणाकडे जाईल. आवरा. अनेक आदिवासी लेखक-कार्यकर्त्यांनी या चित्रणावर आक्षेप घेतलाय. तो होळीच्या सामानाचा आठवडी बाजार आहे असं ते सांगतात. मार्चच्या आसपास परीक्षा संपतात, काही टोळ्या परतू लागतात. कारणं आणखीही असू शकतात.

वर्षांची तुलना करताना १ जुलै २०२४ ही तारीख आलेखावर उभ्या रेघेने दाखवा. त्या दिवशी भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. जुन्या कायद्यात पालकांच्या ताब्यातून पळवून नेण्याच्या गुन्ह्यासाठी मुलग्याचं वय सोळाखाली आणि मुलीचं अठराखाली धरलं जाई. नव्या कलम १३७ मध्ये दोघांनाही अठरा. सोळा-सतरा वर्षांच्या मुलग्यांचा आकडा त्यानंतर वर गेला, तर नंदुरबारमध्ये मुलगे अचानक जास्त पळवले जाऊ लागले असा निष्कर्ष काढून मोकळे होऊ नका.

आणि ‘ऑपरेशन मुस्कान’. २०१४ मध्ये गाझियाबाद पोलिसांनी सुरू केलेल्या ‘ऑपरेशन स्माइल’वरून २०१५ मध्ये देशभर मोहीम झाली, आपल्याकडेही तिच्या फेऱ्या होतात. सापडलेल्या मुलांचे आकडे मोठे दिसतात. पण त्यात हरवल्याची नोंद असलेली मुलं किती आणि रस्त्यावर, स्टेशनवर, धाब्यावर भेटलेली, जिची कुणी तक्रारच केली नव्हती अशी किती, हे वेगळं केल्याशिवाय त्या आकड्याला ‘शोधाचं प्रमाण’ म्हणता येत नाही. बेरीज करायला हरकत नाही, भागाकार करू नका. खरं तर तक्रार नसलेली मुलं इतक्या सहज सापडतात, हाच माझ्या मुद्द्याचा पुरावा आहे.

आता मला सगळ्यात जास्त छळणाऱ्या आक्षेपाकडे येते. समजा, व्याख्या रुंद केली. पालकांना ठावठिकाणा माहीत असला तरी मूल धोक्यात असेल तर यंत्रणा हलेल असं केलं. मग काय होईल? डोंगरातल्या ठाण्यात आधीच माणसं कमी. त्यांच्या हातात आता प्रत्येक स्थलांतरित कुटुंबाच्या पोराबद्दल विचारायचा अधिकार येईल. पोलीस पाड्यावर येऊन तुमचं पोर कुठे आहे म्हणून विचारतोय, हे चित्र पुण्यातल्या सेमिनारमध्ये संरक्षण वाटतं. सातपुड्यात ते तसं वाटेलच असं नाही. याच खानदेशात १८२५ साली जेम्स औट्रमच्या हाताखाली भिल्ल पलटण उभी राहिली, ती भिल्लांनाच काबूत आणायला. वर्दी आणि आदिवासी यांचं नातं संरक्षणापासून सुरू झालेलं नाही. शिवाय पोराला फडावर नेणाऱ्या आईबापांना आरोपी करून काय साधणार? उचल घेतली ती हौस म्हणून नाही.

या आक्षेपापुढे मी निम्मी हरते. ‘बेपत्ता’ची व्याख्या रुंद करावी असं मी सुरुवातीला लिहिलं होतं, ते आता काढून टाकलंय. पोलिसाचं दार मोठं करण्यापेक्षा दुसऱ्या दारावर घड्याळ बसवा, असं माझं आजचं म्हणणं आहे. आणि ते दार ठाण्यात नाही, अंगणवाडीत आणि शाळेत आहे. मूल पाड्यावरून गेलं हे पहिल्यांदा कुणाला कळतं? अंगणवाडीताईला आणि मास्तरांना. महिला व बालविकास विभागाने स्थलांतरितांसाठी ‘स्थलांतर मागोवा प्रणाली’ सुरू केली, तिच्या सुरुवातीच्या प्रायोगिक जिल्ह्यांत नंदुरबार होता. हेतू पोषणाचा : गरोदर माता, स्तनदा माता आणि मुलं जिथे जातील तिथे त्यांना अंगणवाडीच्या सेवा मिळाव्यात. शिक्षण खात्याची हंगामी वसतिगृहं आणि शिक्षण हमी कार्डही याच प्रश्नासाठी आहेत. म्हणजे मूल गेल्याची माहिती सरकारच्या एका हाताला असू शकते, गुन्हा घडेपर्यंत न थांबता. प्रश्न एवढाच : अमुक मूल नोव्हेंबरात गेलं आणि मे महिन्यात परत आलं नाही, हे त्या यादीत दिसलं तर पुढे कुणी, किती दिवसांत, काय करायचं हे कोणत्या कायद्यात लिहिलंय? हरवलेल्या मुलासाठी चार महिने लिहिलेत. हंगाम संपून न परतलेल्या मुलासाठी मला असा एक दिवसही लिहिलेला सापडलेला नाही.

हद्दीचा प्रश्न त्यातही आहेच. मूल महाराष्ट्रातल्या यादीत, फड गुजरातेत. गुन्हा कुठेही घडला असला तरी कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो, ही ‘झिरो एफआयआर’ची तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ मध्ये आली, ते चांगलंच झालं. पण ती गुन्ह्याची आहे. यादीतून गळलेलं नाव हा गुन्हा नसतो. त्याला ‘झिरो’सुद्धा मिळत नाही.

सिनॉप्सिसचं शीर्षक शेवटी बदललं. ‘बेपत्ता आणि शोषित’ काढून ‘नोंदीतील बेपत्ता, नोंदीबाहेरील शोषित’ असं केलं. गाइडनी या वेळी ‘बाहेरील’भोवती गोल काढलाय. नोंदीबाहेर आहे ते तू मोजणार कसं, असा त्याचा अर्थ मी लावलाय. मे महिन्यात टोळ्या परततात तेव्हा दोन पाड्यांवर अंगणवाडीची यादी आणि परतलेली मुलं शेजारी शेजारी ठेवून बघायचं ठरवलंय. संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी अजून यायची आहे, आणि ताईंना यासाठी वेळ मागायचा म्हणजे त्यांच्या पोषण आहाराच्या नोंदी मला भरून द्याव्या लागतील असं दिसतंय. तुमच्यापैकी कुणी तळोदा किंवा नवापूर भागातलं असेल आणि हेच तिकडे करून बघायची तयारी असेल, तर प्रश्नावली आधीच सारखी ठेवू. नंतर जुळवत बसायला नको.